चार ओळींची जागा

कासीमोव, ९ ऑक्टोबर १९८८

वार्या,

आधी 'प्रिय वार्या' लिहिलं होतं. मग तो कागद टाकून दुसरा घेतला. सतरा वर्षं जिने माझ्या नववर्षाच्या एकाही शुभेच्छापत्राला उत्तर दिलं नाही, तिला प्रिय म्हणायचा हक्क मला आहे की नाही हे ठरेना. हा टोमणा नाही. तुझं बरोबरच होतं. तुझ्या आईला, लीदाला, माती देऊन आपण घरी आलो, लोक जेवायला बसले, आणि मी तुला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "लीदा शेवटी शुद्धीवर होती तेव्हा काही म्हणाली का? शेवटच्या कवितेतलं?" तू हातातली घावनांची ताटली खाली ठेवलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि कोट चढवून निघून गेलीस. मूर्मान्स्कला पोचलीस हेही मला दुसऱ्यांकडून कळलं.

आता कामाचं लिहिते. मॉस्कोहून एक संपादक आला आहे. किरिल अर्सेन्येविच. वय जेमतेम तिशीचं, दाढी मात्र पाद्र्यासारखी. तुझ्या वडिलांच्या कविता त्याला मासिकात छापायच्या आहेत. ग्लेब पोलोझोव्ह हे नाव छापायला आता कोणाची हरकत नाही म्हणे. मी विचारलं, "तसं लेखी आहे का तुमच्याकडे?" तर तो हसला. आजकालची मुलं अशा प्रश्नाला हसतात.

मग त्याने हस्तलिखितं मागितली. मी म्हटलं, "हस्तलिखितं चुलीत गेली, ग्लेबना पकडून नेलं त्याच्या आदल्या आठवड्यात. लीदाने स्वतः घातली." बिचाऱ्याचा चेहरा पडला. तेव्हा मी कपाळाला बोट लावून म्हटलं, "पण इथे आहेत. एकतीसच्या एकतीस." तुला हे सगळं नको इतकं ठाऊक आहे, पण त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. तुझी आई, फाइना आणि मी, तिघींनी वह्या जाळायच्या आधी सगळ्या कविता पाठ केल्या. मग दर वर्षी ऑक्टोबरात, हिवाळ्यासाठी कोबी खारवून घालायच्या दिवशी, आम्ही एकत्र बसायचो. पिंप भरेपर्यंत कोबी चिरायचा आणि सुऱ्यांच्या आवाजाखाली एकीने म्हणायचं, दोघींनी चुका काढायच्या. भिंतीपलीकडच्यांना फक्त खटखट ऐकू जायची. नंतरच्या काळात लिहून काढलं असतं तरी चाललं असतं, पण लीदा म्हणायची, कागद चुगली करतो, कोबी करत नाही. सवयच झाली होती ती.

किरिल ऐकत राहिला आणि मग त्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलं. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं पुड्या बांधलेला हात हा. मला लाजल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

छापायला वारसाची सही लागते. वारस तू. तुला त्या कवितांचा किती तिटकारा आहे ते मी जाणून आहे. तरी विचार कर.

अग्निया मावशी


२७ नोव्हेंबर १९८८

वार्या,

तुझी सही पोचली. सोबत एक शब्द नव्हता, तो मी मागणारही नव्हते.

सगळं व्यवस्थित पार पडलं. किरिल टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. माझ्या टेबलावर त्याने तो ठेवला, त्याची चाकं फिरू लागली आणि मी म्हणत गेले. तीन दिवस लागले. शेजारची रशीदा मधे मधे दार ढकलून चहा आणून द्यायची. एकदा म्हणाली, "अग्निया, इतकं बोलतेस, घसा बसेल तुझा. मला भांडायला कोण राहील मग?" किरिलला ती फार आवडली.

सगळं नीट आठवलं. अगदी सगळं. काही काही ठिकाणी थोडं थांबावं लागलं, ते साहजिकच आहे. माझं वय बघता लोक आश्चर्यच करतात. शेवटच्या कवितेत जरा अडखळले, पण आलं. आलंच शेवटी. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

यंदा कोबी घातला नाही. माझ्या एकटीच्याने होत नाही. फाइना गेल्यापासून तसाही टीव्हीसमोर बसूनच चिरत होते. टीव्हीवर मालिका चालू असली की कविता मनात म्हणायला जमत नाही. पण सगळं आठवत होतं, हे महत्त्वाचं.

इकडे बर्फ लवकर पडला आहे. तुमच्याकडे तर आता काही दिवसांत सूर्य उगवेनासाच होईल. तब्येत सांभाळ.

अ. मा.


१९ फेब्रुवारी १९८९

वार्या, बाळ,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि मी तशीच जिन्यावर बसले. रशीदाला वाटलं कोणी गेलं की काय. तिने पाणी आणलं, मग माझ्या हातातून पाकीट घेऊन नाव वाचलं आणि म्हणाली, "रडतेस काय वेडे, जिवंत माणसाचं पत्र आहे!"

तू लिहिलं आहेस की मासिक तुमच्या दवाखान्यातल्या एका नर्सने आणलं, तू दोन दिवस ते उघडलं नाहीस, आणि उघडलंस तेव्हा शेवटच्या कवितेपाशी पोचून तुझ्याने पुढे वाचवेना. तू त्या ओळी पुन्हा लिहून पाठवल्या आहेत, जणू मला माहीत नाहीत:

*चुलीपाशी वाळतो आहे एक इवला हातमोजा,*
*त्याचा जोडीदार बाहेर बर्फात राहिला.*
*मी जिथे जाईन तिथे शोधीन तो, मुली,*
*तोवर उघडा हात खिशात ठेव.*

आणि खाली तू लिहिलंस: "मावशी, मला वाटायचं त्यांनी ओका नदीवर लिहिलं, बर्चच्या झाडांवर लिहिलं, मरणावर लिहिलं, पण माझ्यावर एक अक्षर नाही. तुम्ही तिघी जे सांभाळत होता त्यात मी नाहीच, असं मला लहानपणापासून वाटायचं. म्हणून मला त्या कवितांचा राग होता. आणि तू मला हे कधी सांगितलंच नाहीस. का नाही सांगितलंस?"

का नाही सांगितलं? सुचलं नाही, बाळ. राहून गेलं.

इकडे वाचनालयात किरिलने कार्यक्रम ठेवला होता. सभागृह भरलं, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मला पहिल्या रांगेत बसवलं, मधाचा केक दिला. एका शाळकरी मुलीने ती शेवटची कविता म्हटली. 'उघडा हात खिशात ठेव' म्हणाली आणि सगळीकडे नाकं ओढल्याचे आवाज. माझ्यामागे बसलेले एक कर्नल, छातीवर एवढी पदकं, रुमाल काढून डोळे पुसत होते. नंतर ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही नसता तर ह्या ओळी मातीत गेल्या असत्या." मी म्हटलं, "माझं काय त्यात." लोकांना तो विनय वाटला.

जास्त लिहीत नाही. डोकं दुखतं आहे. तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे, पण सध्या ते पुन्हा वाचणार नाही.

अग्निया मावशी


५ मार्च १९८९

वार्या,

तुझं दुसरं पत्र काल आलं. तू लिहितेस की वडिलांना कबर नाही, तेव्हा आईच्या कबरीवर नवा दगड बसवू आणि त्यावर त्या चार ओळी कोरू. कारागीर शोधायला मला सांगितलं आहेस. उन्हाळ्यात येईन म्हणतेस, माझ्याकडे उतरेन म्हणतेस.

तो दगड कोरू नकोस. त्या ओळी तुझ्या वडिलांच्या नाहीत. माझ्या आहेत.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासली, खिडकीच्या फटी कागदाने पुन्हा बंद केल्या, रशीदाकडे जाऊन उगाच मीठ मागितलं. आता परत बसले आहे.

तिसरा दिवस होता. तीस कविता झाल्या होत्या. शेवटची सुरू केली. ती कशी आहे ते तुला आता माहीत आहे: घरातली एकेक वस्तू, टेबल, दिवा, लीदाची शाल, प्रत्येकीचा निरोप. शालीपर्यंत आले आणि पुढे काही नाही. त्यानंतरच्या शेवटच्या दोन ओळी आठवत होत्या, पण मधल्या चार नाहीत. अंधुकही नाहीत. आधी वाटलं, येतील. किरिल पुढे झुकून बसला होता, डोळे मिटून. यंत्राची चाकं फिरत होती. मला ती शांतता सोसवेना. तीन दिवस तो माझ्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसा बघत होता, आणि आता मी म्हणणार होते की नाही बुवा, मी विसरले, टीव्ही बघत होते. ते तोंडून निघेना. आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला. हातमोजा कुठून आला मला माहीत नाही. चुलीकडे नजर गेली असेल.

तुझ्यावरच्या मायेपोटी सुचलं, असं लिहायला मी निघाले होते. तो कागद फाडला. मायेपोटी नाही. फजिती होऊ नये म्हणून.

आणि हेही लिहिते, म्हणजे लपवायला काही उरणार नाही. वाचनालयात ते कर्नल रडले तेव्हा मला आनंद झाला होता. आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द वाहिले, हे माझे होते आणि लोक त्यांनाच रडले, ओकाला नाही, बर्चला नाही. घरी येईपर्यंत मी रस्त्याने स्वतःशी हसत होते. पंचाहत्तर वर्षांची बाई! मग तुझं पत्र आलं.

मी किरिलला सांगायला गेले. आता कवितांचं पुस्तकही काढायचं आहे, त्या कामासाठी तो परवा आला होता. विश्रामगृहात त्याच्यापुढे बसून मी सरळ सांगितलं. तो काय म्हणाला माहीत आहे? "अग्निया लुकिनिच्ना, तुम्ही फार थकला आहात."

"थकले नाही. त्या चार ओळी मी बनवल्या."

"कुठे? औषधाच्या दुकानात?" तो हसू दाबत होता. "अहो, इतकी वर्षं त्या कविता तुमच्या आत आहेत, आता तुमचं काय आणि त्यांचं काय हे तुम्हालाच कळेनासं झालंय. असं होतं. ही ओळ कोणाची आहे ते ऐकणाऱ्याला कळतं. ह्या चार ओळींत पोलोझोव्हची सगळी अखेर आहे. मी त्यावर लेख लिहिलाय!"

"मग तो लेख माझ्यावर लिहिला तुम्ही."

त्याने मला चहा पाजला, अंगावर कोट चढवला आणि बसपर्यंत हात धरून सोडलं. माझं खोटं त्याने एका झटक्यात गिळलं होतं, खरं मात्र त्याच्या घशाखाली उतरत नाही. रशीदाला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई गं, मग गप्प बस की. कोणाचं नुकसान झालं? पोरीला बाप मिळाला." तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

म्हणूनच इतके दिवस लागले, वार्या. लाज किरिलची नाही, त्या कर्नलची नाही. तुझी आहे. तुझ्या पत्रात मला 'मावशी' म्हटलं होतंस, आणि ते मी चोरीच्या मालावर मिळवलं होतं. खरं सांगितलं तर तुझ्याजवळचे वडिलांचे एवढेच शब्द मी काढून घेते. नाही सांगितलं तर तू माझ्या थापेपुढे फुलं वाहशील, आईच्या कबरीवर. मी दोन्हीकडून तुझी गुन्हेगार आहे.

पुस्तक निघायचं ते तुझ्या सहीवर. तू त्यांना लिही. माझं ऐकत नाहीत, वारसाचं ऐकावं लागेल. त्या ठिकाणी ठिपके द्यावेत. चार ओळी हरवल्या आहेत हे लोकांना कळू दे. त्या कोणामुळे हरवल्या तेही लिहिलं तरी चालेल.

तू उन्हाळ्यात येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण येशील असं आता धरून चालत नाही.

अग्निया


२ एप्रिल १९८९

वार्या,

फोन तुटला की तू ठेवलास, मला कळलं नाही. टपाल कचेरीतली बाई म्हणाली, तीन मिनिटं संपली. मी तशीच त्या टेलिफोनच्या खोक्यात उभी होते, बाहेरच्या माणसाने काच वाजवेपर्यंत.

किरिलचं पत्र त्याआधीच आलं होतं. कोरडं पत्र. वारसाच्या आग्रहाखातर चार ओळी वगळून ठिपके देत आहोत, असं. तू मला एक अक्षर न कळवता ते करून मोकळी झाली होतीस. मी म्हटलं, योग्य झालं, विषय संपला. मग तुझी तार, की रविवारी दुपारी ट्रंककॉलला कचेरीत येऊन थांब. मी सकाळपासून जाऊन बसले.

आपण काय बोललो ते तुला माहीत आहे. तरी मी लिहिते. आयुष्यभर दुसऱ्यांचं म्हणणं शब्दाला शब्द धरून लक्षात ठेवलं, तुझंही एकदा ठेवू दे.

तू म्हणालीस, "मावशी, मी चिडायला फोन केला नाही. चिडून झालं. मला एकच विचारायचंय. तो हातमोजा तू बघितला होतास का? बाबांनी नाही, कळलं. पण तू? चुलीपाशी वाळताना?"

तुझा आवाज किती हळू होता. मला कळलं तू काय मागते आहेस. बापाने नाही तर नाही, पण त्या घरात कोणीतरी आपल्याकडे बघत होतं, एवढंच तुला हवं होतं. आणि मी, वार्या, क्षणभरही थांबले नाही. ठिपके द्या म्हणून सगळ्यांना सांगत सुटलेली मी.

"हो तर," म्हटलं. "चांगला आठवतो. लाल लोकरीचा. जोडी बांधायची दोरी तुटली होती त्याची."

तारेतली खरखर ऐकू येत होती. मी आणखी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, सुदैवाने तू आधी बोललीस.

"मला हातमोजे नव्हतेच, मावशी. बाबांना नेल्यानंतर कधीच नव्हते. मी आईचे जुने पायमोजे हातात घालून शाळेत जायचे. कोबीच्या दिवशी तुम्हा तिघींना पानं धुऊन मीच द्यायचे, गारठ्यातून बादली आणून. तेच पायमोजे घालून."

आणि मग खरखरही थांबली.

मी आठ दिवस तुला आठवते आहे. एकतीस कविता मला अजून येतात, त्या चार ओळी सोडून. लीदाची सुरी कुठे बोथट होती ते आठवतं. फाइना नवव्या कवितेत दर वर्षी त्याच शब्दावर चुकायची, तो शब्द आठवतो. पिंपाचं झाकण आठवतं. टेबलाच्या कडेला तू उभी असायचीस हे मला माहीत आहे, कारण पानं येत होती, ओली, एकामागून एक, आणि आम्ही ती न बघता घेत होतो.

पायमोजे मला आठवत नाहीत. 'आता आठवले' असं लिहिणं किती सोपं होतं, त्यांचा रंगही सांगता आला असता. नाही आठवत. मी तुझे हात कधी पाहिलेच नाहीत.

अग्निया